पेशींचे मरण आणि मुलांच्या घशातील गाठ

पावसाळ्यात डबक्यातली बेडकाची पिल्ले आपण सर्वांनी पाहिली आहेत. आधी शेपटी, मग पाय, आणि पाय फुटले की शेपटी हळूहळू नाहीशी. ती गळून पडत नाही, कुणी तोडतही नाही. तिच्यातल्या पेशी वेळ झाली म्हणजे आपण होऊन मरतात. आईच्या पोटात आपली बोटे सुटी झाली तीही मधल्या पडद्यातील पेशी अशाच मेल्या म्हणून. शिक्षकांनी काचेच्या बरणीत पिल्ले ठेवून हे वर्गात दाखवावे. फळ्यावरच्या चित्राने ते काम होत नाही.

मरणाची ही आज्ञा पेशीतल्या जनुकांत असते. एका सूक्ष्म कृमीच्या शरीरात वाढीच्या काळी १०९० पेशी होतात आणि त्यांपैकी नेमक्या १३१ मरतात. या कृमीवरील संशोधनाबद्दल ब्रेनर, हॉर्विट्झ व सल्स्टन यांना २००२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. माणसात पी-५३ हे जनुक बिघडलेल्या पेशीला मरणाकडे नेते, तर बीसीएल-२ तिला अडवून धरते. हा तोल सुटला, की मरायची ती पेशी जगते आणि वाढत सुटते.

मुलांमध्ये क्वचित नाकाच्या मागे, पडजिभेच्या वर, कर्करोगाची गाठ होते. तिच्या पेशींत बहुधा एपस्टाइन-बार विषाणू सापडतो. १९६४ साली सापडलेला हा विषाणू तुमच्याआमच्या बहुतेकांच्या अंगात निमूटपणे राहतो. पण त्याच्याजवळ बीसीएल-२ सारखेच एक जनुक आहे! चोराने घरमालकाचीच किल्ली घडवून घ्यावी, तसे हे झाले. तोल सुटलेल्या अशा पेशींवर औषधे आणि किरण यांचा मारा करतात, तो त्यांना पुन्हा मरणाच्या वाटेला लावण्यासाठीच.

मुंबईत परळला १९५२ मध्ये डॉ. वसंत रामजी खानोलकरांच्या नेतृत्वाखाली कर्करोग संशोधन केंद्र सुरू झाले. ते २००२ साली नवी मुंबईत खारघरला गेले. टाटा स्मारक केंद्राच्या त्या संस्थेत संशोधनही होते आणि रोग्यांवर उपचारही. तोंडाच्या कर्करोगात मरण रोखणाऱ्या एमसीएल-१ या जनुकावर तेथे काम झाले आहे.

आता घरची गोष्ट. मानेत न दुखणारी गाठ, एकाच बाजूचे नाक चोंदणे, वरचेवर घोळणा फुटणे, एका कानाने कमी ऐकू येणे, यांपैकी काही दोन-तीन आठवडे टिकले तर मुलाला डॉक्टरकडे न्या. आपल्याकडे मानेतली गाठ म्हणजे गंडमाळ, असे धरून चालतात. पुष्कळदा ते खरेही असते. पण सुईने गाठीतला अंश काढून तपासल्याशिवाय कसे कळणार? बिब्बा आणि लेप यांत महिने जातात, आणि गाठ काही थांबत नाही. वेळेवर पोचलेली पुष्कळ मुले बरी होतात, रोग मानेत उतरलेला असला तरीही.

गुरुजी, असे मूल उपचार घेऊन शाळेत परतले तर त्याला वेगळे बसवू नका. कर्करोग शेजारच्याला लागत नाही. काही औषधांनी ऐकू कमी येते, तेव्हा त्याला पहिल्या बाकावर जागा द्या आणि त्याच्याकडे तोंड करून बोला.