लोकसभेतला खर्च आणि आपला डाळीचा डबा
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. अशा बाईने लोकसभेतल्या चर्चेवर बोलावे याचे तुम्हांला हसू येईल. घरी आमच्या ह्यांनाही आले. पण सरकारचा खर्च आणि धान्याकडधान्यावरचा आयातकर हे दोन्ही विषय शेवटी आपल्या डब्यापाशीच येतात, म्हणून धीर केला आहे.

माझे माहेर लातूर जिल्ह्यातले. धाकटा भाऊ तिथे तूर करतो. मी लग्न होऊन भिवंडीस आले. हे मानकोलीकडे एका गोदामात हिशेब लिहितात. म्हणजे भाऊ तूर विकणारा आणि मी डाळ विकत घेणारी.

2015 साली दिवाळीच्या सुमारास तुरीची डाळ किलोला 200 रुपयांवर गेली, हे तुम्हां सर्वांना आठवत असेल. आमच्याकडे वरण पातळ झाले. मी येताजाता म्हणे, सरकार बाहेरची डाळ का आणीत नाही? सरकार आणीतच होते. म्यानमार आणि आफ्रिकेतून तूर येत होती, तिच्यावर आयातकरही नव्हता. जुलै 2016 मध्ये मोझांबिकशी डाळीसाठी करारही झाला.

त्याच साली पाऊस बरा झाला, आणि चढा भाव पाहून शेतकऱ्यांनी तूर भरपूर पेरली. आदल्या वर्षी देशात सुमारे 25 लाख टन तूर झाली होती. 2016-17 मध्ये ती 48 लाख टनांवर गेली. हमीभाव बोनस धरून क्विंटलला 5,050 रुपये होता, पण बाजारात तेवढा मिळेना. भाऊ खरेदी केंद्राबाहेर सहा रात्री बसला. बारदाना संपला, असे उत्तर मिळाले. अखेर त्याने पडत्या भावाने व्यापाऱ्याला तूर घातली. भाचीचे लग्न त्या उन्हाळ्यात व्हायचे होते, ते पुढे ढकलले.

आणि मी? मी त्याला फोनवर आनंदाने सांगत होते की आमच्याकडे डाळ उतरली. तो म्हणाला, "आक्का, डाळ उतरली ती तूर उतरली म्हणूनच ना?" मला पुढे बोलवेना.

28 मार्च 2017 रोजी सरकारने तुरीवर 10 टक्के आयातकर बसवला. तोवर भावाचे घर रिकामे झाले होते. ऑगस्टमध्ये वर्षाला दोनच लाख टन तूर आणावी अशी मर्यादा घातली. मे 2021 मध्ये ती मर्यादाही उठवली.

हे असे मागाहून का होते, म्हणून मी मुलाला विचारले. त्याने समजावून सांगितले ते असे. सरकारला तिजोरीतून पैसा काढायचा तर आधी लोकसभेची मंजुरी लागते. आयातकर मात्र 1962 च्या सीमाशुल्क कायद्याखाली अधिसूचना काढून वर्षात केव्हाही कमी करता येतो, आणि तो कागद नंतर सभागृहापुढे ठेवतात. डिसेंबर 2016 मध्ये गव्हावरचा 10 टक्के कर असाच एका दिवसात शून्यावर आणला. म्हणजे खर्चाची चर्चा आधी, आणि कराची वर्दी मागाहून.

भगिनींनो, स्वस्ताई फुकट येत नाही. रेशनवर धान्य मिळते, त्याचा भार तिजोरी सोसते. 2025-26 च्या अंदाजपत्रकात अन्न अनुदानासाठी दोन लाख कोटींहून अधिक रक्कम धरली होती. तो भार साऱ्या देशाने वाटून घेतला. पण कर काढून डाळ स्वस्त केली की तो भार पिकवणाऱ्याच्या एकट्याच्या माथी बसतो.

उद्या डाळ किलोला दहा रुपये महागली तर मी सोसीन. आमच्या चाळीत मागावर काम करणाऱ्याची बायको आहे, तिला ते सोसणार नाही. तिला डाळ रेशनवर मिळावी आणि तो खर्च सरकारने लोकसभेत उघड मागून घ्यावा. माझ्या भावाकडून तो परस्पर वसूल करू नये.

तेव्हा माझी सूचना अशी. आपल्या मंडळाने भिवंडीच्या खासदारांस पत्र लिहावे. कडधान्यावर पुढल्या वर्षी आयातकर किती राहील हे जूनच्या पेरणीआधी जाहीर करावे, आणि तूर निघण्याआधी केंद्रांवर बारदाना पोचवावा, एवढ्या दोनच गोष्टी त्यात मागाव्यात. पत्र मी लिहून आणले आहे. शुद्धलेखनाच्या चुका चिटणीसबाईंनी सुधाराव्यात. हळदीकुंकू झाल्यावर ज्यांना पटेल त्यांनी खाली सही करावी.