सुई आणि पोते



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आमची शाळा चौथीत सुटली. पुढचे शिक्षण हमालांच्या संगतीत आणि मोफत वाचनालयात झाले. तेव्हा कंबरदुखीवर बोलणारे आम्ही कोण, असे कोणी विचारील. आम्ही डॉक्टर नाही. पण ज्यांच्या कंबरा दुखतात त्यांच्यात आमची तीस वर्षे गेली आहेत.

आमच्या संघटनेतील एका हमालाची कंबर थप्पी लावताना धरली. मलम झाले, पट्टा झाला, वर्ष गेले. शेवटी कर्ज काढून त्याने 'नर्व्ह ब्लॉक' नावाचे इंजेक्शन घेतले. क्ष-किरणात पाहून डॉक्टरांनी सुई नेमकी मणक्यापाशी नेली. वर्षभर वाकून चालणारा माणूस ताठ घरी आला. संध्याकाळी मुकादमाचा निरोप आला, गाडी खाली करायची आहे. आम्ही अडवले, तर म्हणाला, "अण्णा, दुखतच नाही, मग घरी बसून काय करू?" रात्री औषध उतरले आणि दुखणे दुपटीने परत आले.

येथे चूक कोठे झाली? मणक्यांच्या मागच्या बाजूस लहान लहान सांधे असतात. त्यांचे दुखणे बारीक मज्जातंतू मेंदूकडे पोहोचवितात. लिडोकेन किंवा बुपिव्हाकेन हे औषध त्या तंतूंना काही तास बधिर करते. तेवढ्या वेळात दुखणे थांबले तर ते त्या सांध्यातून येत असावे, असा अंदाज डॉक्टरांना बांधता येतो. म्हणजे हे इंजेक्शन मुख्यतः परीक्षा आहे. परीक्षा उतरली तर काही डॉक्टर पुढे तो तंतू उष्णतेने निकामी करतात. कोणाला काही महिने आराम पडतो. मग तंतू पुन्हा वाढतो. पायात कळ उतरत असेल तर मणक्याच्या पोकळीत स्टिरॉइड देतात. त्याचा गुण आला तरी बहुधा काही आठवडे टिकतो. मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर ते आधी सांगितलेच पाहिजे.

जाणत्यांतही एकमत नाही. ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये २०२५ साली तज्ज्ञमंडळाची शिफारस प्रसिद्ध झाली, की कर्करोगाखेरीज कारणांच्या जुनाट पाठदुखीला ही इंजेक्शने सहसा देऊ नयेत. वेदनातज्ज्ञांच्या अनेक संस्थांनी त्यास हरकत घेतली. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रोग्याला नीट माहिती देणे यांवर भर दिला. आम्ही या वादात निवाडा देणार नाही. पण कर्ज काढण्यापूर्वी डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा. ही सुई परीक्षेसाठी की उपचारासाठी? गुण किती दिवस टिकेल? आणि त्या दिवसांत आम्ही काय करायचे? तिसरा प्रश्न सर्वांत मोठा. दुखणे थांबले ते दिवस कंबर व्यायामाने बळकट करण्याचे आहेत, पोती उचलण्याचे नव्हेत. आणि लघवीवरचा ताबा सुटला, जांघेत बधिरता आली किंवा पाय लुळा पडू लागला, तर सुईची वाट न पाहता तत्काळ मोठे रुग्णालय गाठा.

आता पोत्याकडे वळू. आमच्या तरुणपणी बाजारात शंभर किलोचे पोते पाठीवर घेत असत. आंतरराष्ट्रीय श्रमसंघटनेने १९६७ सालीच प्रौढ पुरुषासाठी ५५ किलोची मर्यादा सुचविली होती. महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी कायदा झाला. पोत्याचे वजन मात्र हमालांनी वर्षानुवर्षे झगडून निम्म्यावर आणले. त्या लढ्याने जितक्या कंबरा वाचल्या असतील, तितक्या कोणत्याही सुईने वाचणार नाहीत, असे आमचे मत आहे.

सुईला आम्ही नावे ठेवीत नाही. दुखणाऱ्याला दोन रात्रींची झोप मिळाली तरी तिचे मोल आम्ही जाणतो. परंतु सुई दुखण्याची वर्दी थांबविते, ओझे उतरवीत नाही. ओझे उतरविणे तुमच्या-आमच्या हाती आहे. इंजेक्शन घेतलेल्याला भरपगारी विश्रांती आणि पुढे हलके काम मिळालेच पाहिजे, ही आमची मागणी आहे. आमचा तो सोबती सहा महिने घरी बसला. भांडून मिळविलेल्या जागेवर, तोलकाट्यापाशी, आज तो काम करतो. सकाळी न चुकता व्यायाम करतो. कंबर अजून दुखते, पण तो ताठ चालतो.