एक बोट रिकामे

माझी आजी निरक्षर होती, पण गीताई तिला तोंडपाठ होती. ही गीताई विनोबांनी आमच्या वर्ध्यातच १९३०-३१ साली रचली. वाचायला शिकल्यावर मी ऐटीत पहिला श्लोक आजीला वाचून दाखवला. ती बोटांवर मोजत होती. ‘जमले’ हा शब्द असलेला चरण संपला आणि ती म्हणाली, ‘‘बापू, एक बोट रिकामं राहिलं.’’

पुस्तकात तर तिन्ही अक्षरे होती. पण बोलताना आपण ‘जम-ले’ असे दोनच तुकडे करतो. ‘म’मधला ‘अ’ गळतो. तसेच ‘पवनार’ लिहायला चार अक्षरे, बोलायला ‘पव-नार’ असे दोनच ठोके. गीताईचे बहुतेक श्लोक अनुष्टुभात आहेत, म्हणजे चरणात आठ अक्षरे. तिथे ‘ज-म-ले’ असेच म्हणावे लागते. नाहीतर सातच भरतात.

इटालियन भाषेत शब्दातला जोर सरकला तर अर्थच पालटतो. ‘आंकोरा’ या शब्दात पहिल्या तुकड्यावर जोर दिला तर नांगर, दुसऱ्यावर दिला तर ‘अजून’. मराठीत जोराने अर्थ बदलत नाही. त्यामुळे आपण उच्चाराबाबत बेफिकीर राहतो आणि श्लोकाची चाल मोडते.

गोपुरीच्या गीताई मंदिरात हे श्लोक शिळांवर कोरलेले आहेत. दगडावर अक्षरे टिकतात. उच्चार मात्र तोंडून तोंडीच जातो. आजी आता नाही. संध्याकाळी नात श्लोक म्हणते, तेव्हा मी बोटे मोजत बसतो.