फेडलेलं कर्ज आणि न उतरलेला बोजा

आमचं चौलचं घर विकायला काढलं तेव्हा गिऱ्हाईक पहिल्याच आठवड्यात मिळालं आणि खरेदीखत व्हायला चौदा महिने लागले. गिऱ्हाईक भलं होतं, भाव ठरला होता, भावंडांत कुरबुर नव्हती. अडलं ते सातबाऱ्यावरच्या एका ओळीपाशी. वडिलांनी विहिरीच्या पंपासाठी गावातल्या एका पतपुरवठा सोसायटीकडून कर्ज काढलं होतं. ते त्यांनी हयातीतच फेडलं. पावत्या आईनं पत्र्याच्या ट्रंकेत जपून ठेवल्या होत्या. वाडीतला घराखालचा तुकडा पुढे बिनशेती झाला, नवा उतारा निघाला आणि ‘इतर हक्क’ या रकान्यातला जुना बोजा त्या उताऱ्यावरही चालत आला. सोसायटीचा दाखला तलाठ्याकडे कुणी नेलाच नव्हता.

कर्ज फेडणं हे एक काम आणि बोजा उतरवणं हे दुसरं. पहिलं झालं की घरात पेढे येतात आणि दुसरं राहून जातं. १८८२ चा मालमत्ता हस्तांतरण कायदा याबाबत स्पष्ट आहे. बोज्यासह विकतो असं ठरलेलं नसेल, तर विक्रीच्या वेळी मिळकतीवर असलेले सगळे बोजे फेडून मोकळे करणं ही विकणाऱ्याची जबाबदारी आहे. खरेदीदाराला सहजी दिसणार नाही असा दोष आपल्याला ठाऊक असेल, तर तो सांगणं हीसुद्धा.

आमची ती ओळ शोधली खरेदीदाराच्या बँकेच्या वकिलांनी. मला त्यांचा राग आला होता, हे इथे कबूल करतो. आमच्या घराचे कागद हा परका माणूस काय तपासणार, असं वाटलं. पण त्यांनी दुय्यम निबंधकांकडची तीस वर्षांची नोंदणी चाळून लिहिलेला शोध अहवाल वाचला आणि आमच्याच घराचा इतिहास मला नव्यानं कळला. या किनाऱ्यावरची जमीन साधी नाही. खोती, कुळवहिवाट, १९३३ ते १९३९ चा चरीच्या शेतकऱ्यांचा संप, १ एप्रिल १९५७ चा कृषक दिन, या सगळ्याच्या खुणा आपल्या फेरफारांत आहेत. कुळकायद्यानं मिळालेली जमीन असेल तर कलम ४३ ची अट येते, शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी आहे का हे पाहावं लागतं, समुद्राजवळ असेल तर सीआरझेडचे किनारी निर्बंध. २०२० पासून मांडव्याला रो-रो लागते, २०२४ पासून अटल सेतू आहे. मुंबईचं गिऱ्हाईक आता सॉलिसिटर घेऊन येतं आणि तो पेपरात जाहीर नोटीस देतो. गावात आपलं नाव झालं असं समजून रुसू नका. हरकत यायचीच असेल तर ती विसार घेण्याआधी आलेली बरी.

एकाच वकिलावर दोघांचं काम भागवायची आपल्याकडे सवय आहे. फी वाचते, पण मला ते पटत नाही. बँकेचा वकील बँकेचं हित पाहतो, खरेदीदाराचा खरेदीदाराचं. साठेखतात मुदत चुकली तर काय, कर्ज नामंजूर झालं तर विसाराचं काय, ताबा कधी द्यायचा, हे आपल्या बाजूनं वाचणारं कुणीतरी हवंच. आणि नुसत्या साठेखतानं मालकी जात नाही, हेही लक्षात असू द्या.

आत्या आणि बहिणींबद्दल मला थांबून बोलायचं आहे. हक्कसोडपत्र नोंदवावं लागतं, पण त्याआधी ते समजावून द्यावं लागतं. माझ्या आत्यानं सही करण्यापूर्वी एकच विचारलं, “यानंतर मी गणपतीला कुणाच्या घरी येऊ?” मोबदल्याचा आकडा, वाट्याचा हिशोब आम्ही तिच्यापुढे मांडला होता, तिच्या मनातला प्रश्न मात्र आम्हाला सुचलाच नव्हता. गाडी पाठवून, निबंधकांच्या दारात हातात पेन देऊन माहेरवाशिणीची सही घेऊ नका. वारस परदेशी असेल तर कुलमुखत्यारपत्र भारतीय वकिलातीतून साक्षांकित करून आणा आणि ते इथे पोचल्यापासून तीन महिन्यांत मुद्रांक भरा. आपल्या अलिबाग, रेवदंड्याच्या कितीतरी बेने इस्राएल कुटुंबांचे वारस आज इस्राएलात आहेत. त्यांच्या शेजाऱ्यांना ही गोष्ट नवी नाही.

आता चालू गृहकर्ज असलेलं घर. आपल्या बँकेकडून दोन कागद मागा: आजची एकूण बाकी आणि तिच्याकडे असलेल्या मूळ कागदांची यादी. खरेदीदाराची बँक बाकीची रक्कम थेट आपल्या कर्जखात्यात भरते, उरलेली आपल्याला मिळते. मधल्या दिवसांत पैसे गेलेले असतात आणि कागद आलेले नसतात, तेव्हा दोन्ही बँकांची पत्रं लेखी असू द्या. बदलत्या व्याजाचं गृहकर्ज मुदतीआधी फेडलं म्हणून वैयक्तिक कर्जदाराला दंड लावता येत नाही. पूर्ण फेड झाल्यावर तीस दिवसांत मूळ कागद परत द्यायचे आणि बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई द्यायची, असा रिझर्व्ह बँकेचा सप्टेंबर २०२३ चा आदेश आहे. १ डिसेंबर २०२३ पासून तो लागू आहे. कागद गहाण ठेवल्याची सूचना निबंधकांकडे नोंदलेली असते, ‘सरसाई’च्या केंद्रीय नोंदवहीतही असते. त्या नोंदीही बंद करून घ्या.

आमच्या बोज्याचं म्हणाल, तर ती ओळ सापडेपर्यंत त्या पतपुरवठा सोसायटीत सगळी माणसं बदलली होती. जुनी खतावणी सापडेना आणि खतावणीशिवाय ‘बाकी नाही’ एवढे दोन शब्द लिहून द्यायला कुणी तयार होईना. शेवटी ट्रंकेतल्या पावत्यांच्या प्रती जोडून सहकार खात्याच्या तालुका निबंधकांकडे अर्ज केला. दाखला निघायला आठ महिने लागले. मग फेरफार, हरकतीसाठी पंधरा दिवसांची नोटीस आणि प्रमाणित नोंद. नवा उतारा हातात आला त्या दिवशी खरेदीदारांना फोन केला. त्यांनी घरासाठी बाजूला ठेवलेले पैसे तोवर मोडले नव्हते.