पाटे गाडीला, मणका ड्रायव्हरला



मी गोदीत पोती उचलतो. माझ्या पाठीवरचं ओझं सगळ्यांना दिसतं. ड्रायव्हरचं दिसत नाही. लोक म्हणतात, साला बसून तर खातो! आज या बसून खाण्याबद्दलच बोलायचंय.

हा नगर जिल्हा. 1 जून 1948 ला एस. टी.ची पहिली गाडी नगर-पुणे रस्त्यावर धावली. किसन राऊत चालक, लक्ष्मण केवटे वाहक. त्याच काळात प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला. तेव्हापासून इथला माणूस, माल अन् ऊस कुणाच्या तरी कमरेवर चालतोय. एस. टी.चा वाढदिवस दर वर्षी होतो. कमरेचा हिशोब कोण ठेवतो?

आता हे दुखणं समजून घ्या. दोन मणक्यांमध्ये चकती असते. मोठ्या माणसात तिला स्वतःचा रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. हालचालीनं ती दबते, सुटते आणि तिचं पोषण होतं. ड्रायव्हर तासन्‌तास एकाच जागी. वर गाडीचे हादरे. सेकंदाला 4 ते 6 या वेगाचे हादरे मणक्याला सगळ्यात जास्त झोंबतात, कारण बसलेलं शरीर त्याच वेगाला साथ देतं. ट्रकला निदान पाटे असतात. उसाच्या ट्रॅक्टरच्या मागच्या आसाला बहुधा तेही नाहीत. चकती थकते, स्नायू थकतात, उसण भरते. पुढं कळ कुल्ल्यातून पायात उतरते. मग गोळी खा अन् चाबी फिरव.

म्हणजे हा नशिबाचा भोग नाही, बैठ्या माणसाचा आळस नाही. ही कामावरची जखम आहे. फक्त रक्त सांडत नाही, म्हणून कुणी पंचनामा करत नाही.

कायदा काय म्हणतो? 1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं दिवसाला 8 तास आणि सलग 5 तासांनंतर अर्धा तास विश्रांती लिहून दिली होती. धाब्यावर रात्र काढणाऱ्या किती जणांना ती मिळाली, त्यांनाच विचारा. 1923 च्या भरपाई कायद्यात धंद्याच्या रोगांची यादी होती. शिसं होतं, पारा होता. हादऱ्यानं गेलेला मणका नव्हता. 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेत यादी आली, तरी मणका बाहेरच. जर्मनीनं मात्र 1993 पासून वर्षानुवर्षं हादरे खाणाऱ्याचा आणि ओझं उचलणाऱ्याचा, दोघांचाही मणका धंद्याचा रोग म्हणून यादीत घेतला. जर्मन हाडं काय वेगळ्या मातीची आहेत?

म्हणून ड्रायव्हर भावांनो, एक वही ठेवा. कोणती गाडी, किती तास, कोणता रस्ता, कधी दुखलं, हे तारखेसह लिहा. डॉक्टरचा प्रत्येक कागद जपा. तोंडचं दुखणं हापिसात ऐकू जात नाही, लिहिलेलं नाकारायला त्यांना कष्ट पडतात. गाडीतून उतरल्या उतरल्या माल उचलू नका, आधी पाच-दहा मिनिटं चाला. आणि लघवी अडली, बैठकीची जागा बधिर झाली, पाय लुळा पडला, तर थांबू नका. त्याच दिवशी मोठा दवाखाना गाठा.

पुढारी सांगतात, कंबर कसा. ज्याची कंबर गाडीनं खाल्ली, त्यानं काय कसायचं? पाटा तुटला तर मालक नवा टाकतो. मणका तुटला तर नवा ड्रायव्हर टाकतो. हा हिशोब आपण मोडायचा आहे. धंद्याच्या रोगांच्या यादीत मणका लिहायला लावायचा आहे. उचलणाऱ्याचा आणि चालवणाऱ्याचा, एकाच ओळीत.