जुन्या ओम्नीचे फॉग लाइट

आंबोली घाटात धुकं उतरलं, की जुन्या ओम्नीला फॉग लाइट हवेतच. पण 55 वॅटचे दोन दिवे 12 व्होल्टवर नऊ अँपिअरहून जास्त करंट ओढतात. एवढा भार डॅशबोर्डवरच्या छोट्या स्विचवर टाकू नका, तो वितळतो. मध्ये रिले घालाच: त्याच्या 30 नंबरच्या पिनवर बॅटरीची वायर, 87 वरून दिवे, 85 आणि 86 वर स्विच व अर्थ. 15 अँपिअरचा फ्यूज अगदी बॅटरीजवळ.

रिले टक्‌ वाजतो, तरी दिवे मिणमिणतात? माझा पहिला संशय अर्थवर. दिवे चालू ठेवून मल्टिमीटरची एक पिन दिव्याच्या अर्थला, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा. अर्ध्या व्होल्टहून जास्त दिसलं, तर अर्थचा बोल्ट सोडा. रंग, गंज खरवडून पत्रा चकचकीत करा आणि घट्ट आवळा.