तर्जनीचं पहिलं पेर



निवृत्तीनंतर मी मुलांना दहा मीटर एअर पिस्तूल शिकवतो. दहा गुणांचं वर्तुळ अवघं ११.५ मिलिमीटरचं. ट्रिगरला दाब लागतो किमान ५०० ग्रॅमचा.

पहिला नियम, नेम घेईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. मग तर्जनीच्या पहिल्या पेराचा मधला भाग ट्रिगरवर टेकवायचा. उजव्या हाताने नेमबाजी करणाऱ्याने नुसतं टोक लावलं तर छर्रा बहुधा डावीकडे जातो, बोट सांध्यापर्यंत आत गेलं तर उजवीकडे. मूठ तशीच ठेवून फक्त बोट सरळ मागे, दाब हळूहळू वाढवत न्यायचं. ‘आत्ता दहा!’ असं मनात आलं, की झटका बसतो. हात डळमळला तर पिस्तूल खाली घ्यायचं.

गेल्या वर्षी एका निवड चाचणीत वेळ संपत आली असताना माझ्या विद्यार्थिनीने तीनदा पिस्तूल खाली घेतलं. निवड एका गुणाने हुकली. घरचे म्हणाले, “उगाच थांबली.” मी तिला शाबासकी दिली.

न दाबलेला ट्रिगर गुणफलकावर दिसत नाही, तो शिकवणाऱ्यालाच दिसतो. आपल्या बाई-सरांनी आपल्यातलं असं बरंच काही पाहिलं होतं.